शिफारशीची चिठ्ठी

माझा आजा चिठ्ठ्या वाहायचा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात तो वेसकर होता. पाटलानं कागद दिला की घुंगराची काठी घ्यायची आणि तालुक्याची वाट धरायची. बारा मैल जाणं, बारा मैल येणं. मयताचा सांगावा असला तर रात्रीबेरात्री, पावसापाण्यात. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. आणि त्याच्याबद्दल त्यात कधी काही लिहिलेलं नसायचंच. साऱ्या गावाची खबर ज्याच्या पायांनी चालली त्याची खबर कुणी कुठं कळवली नाही. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं तेव्हा आजा म्हणाला होता म्हणे, आता माझे पाय माझे झाले.

त्याचा नातू मी, वकील झालो. आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला स्वतःसाठी दोन चिठ्ठ्या पाहिजे होत्या. त्या मिळवताना माझी काय दशा झाली ते सांगण्यासारखं आहे, पण नुसतं माझंच रडगाणं गाऊन भागायचं नाही. या चिठ्ठीला इतिहास आहे. तो आपल्या इतिहासाला आणि समुद्रापलीकडच्या काळ्या माणसांच्या इतिहासाला चिकटलेला आहे. म्हणून हा लेख.

२००९ साली मी एलएल.बी. झालो. मग दहा वर्षं जिल्हा कोर्टात काळा कोट. पहिली तीन वर्षं सिनियरच्या फायली उचलण्यात गेली. पुढं गायरानाच्या जमिनी, पोटगीचे दावे, ॲट्रॉसिटीच्या केसेस. एका केसमध्ये साक्षीदार फुटले, सगळे आरोपी सुटले, आणि निकालाच्या संध्याकाळी फिर्यादी बाई मला म्हणाली, "भाऊ, कायदा शिकून तुमाला काय मिळालं वो?" हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी ठरवलं, अजून शिकायचं. भेदभावाच्या कायद्याचा अभ्यास करायचा, आणि बाबासाहेब शिकले त्या लंडनात जाऊन करायचा. फॉर्म काढला. मार्कशीट होती, इंग्रजीची परीक्षा पास झालो होतो, निबंध लिहिला होता. शेवटच्या पानावर अडलो. दोन रेफरन्स पाहिजेत. शक्यतो ज्यांनी शिकवलं त्यांचे. संस्थेच्या लेटरहेडवर, संस्थेच्या ईमेलवरून.

दहा वर्षांनी मला ओळखणार कोण?

वर्गात आम्ही मागच्या बाकांवर. पाच वाजता लेक्चर संपायचं, साडेपाचची एस.टी. गाठायची, ती चुकली की मुक्काम स्टँडवर. ज्यांची घरं कॉलेजच्या मागं होती ती पोरं सरांच्या घरी चहाला जायची. कुणाचा काका सरांच्या सोसायटीत राहायचा, कुणाचे वडील सरांबरोबर शिकलेले. त्यांना शिफारस मागावी लागली नाही. ती त्यांच्या दारात आपोआप उगवलेली होती, अंगणातल्या तुळशीसारखी.

*

चिठ्ठी हा शब्दच बघा. इंग्रज इथं आले आणि आपला हा शब्द घेऊन गेले, त्याचा त्यांनी 'चिट' केला. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात या शब्दाचे अर्थ दिलेत, त्यातला एक आहे नोकराला दिलेला दाखला. साहेब विलायतेला परत निघाला की बटलरला, आयाला, घोडेवाल्याला एक चिट लिहून द्यायचा. इमानदार आहे, दारू पीत नाही, वगैरे. नोकर ती जपून ठेवायचा आणि नव्या साहेबापुढं ठेवायचा. त्याला ती वाचता येत असेल-नसेल. आपलं चारित्र्य आपल्याच खिशात, पण दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या सहीनं. आपल्यातले कितीक लोक साहेबाच्या बंगल्यावर आणि पलटणीत होते. तेव्हा हा कागद आपल्याला नवा नाही.

मी वकील आहे म्हणून पुराव्याच्या अंगानं सांगतो. शिफारसपत्र म्हंजे एका माणसाचं दुसऱ्या माणसाबद्दलचं मत. कोर्ट कुणाचंही मत ऐकत नाही. ज्याला ती गोष्ट माहीत असण्याचं काही खास साधन आहे त्याचंच मत धरतं. शिफारशीतही वरवर तोच नियम आहे. ज्यानं तुला जवळून पाहिलं त्यानं लिहावं. ऐकायला किती रास्त! पण ज्या समाजात माणसानं माणसाला जवळ येऊच द्यायचं नाही हाच नियम दोन हजार वर्षं चालला, तिथं 'जवळून पाहिलं' हा पुरावा आणायचा कुठून?

*

आता बाबासाहेबांची गोष्ट. तपशील आपल्यातल्या पुष्कळांना पाठ आहेत, पण या बाजूनं ते क्वचितच मांडले गेलेत.

१९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र त्यांना दिलं, हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा याच केळूसकरांनी सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळूसकर काही त्यांचे वर्गशिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा पोरगा त्यांनी पाहिला, स्वतःहून विचारपूस केली, पुस्तकं दिली. पाहिलं म्हणून शब्द टाकता आला.

१९१३ साली बडोद्याच्या पैशावर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए. तिथं अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते एडविन सेलिग्मन. १९१६ साली बाबासाहेब लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, आणि नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली, परत यावं लागलं. लंडन विद्यापीठानं एवढं केलं की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत या, अभ्यास पुढं चालू करू, अशी मुभा दिली. सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट जर्मनांनी बुडवली आणि प्रबंधाचे कागद समुद्रात गेले.

बडोद्यात नोकरी, शिपाई लांबून फायली फेकणारे, राहायला जागा नाही, पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावानं हुसकलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मग मुंबई. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की त्यामागं मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या ओळखीची मदत होती, आणि ही ओळख झालेली होती लंडनात. म्हंजे मुंबईतल्या नोकरीसाठी मुंबईतलं माणूस उपयोगी पडलं नाही. त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हेही कीरांनीच नोंदवलंय.

इथं जरा थांबा. विचार करा. १९२० साली त्यांना परत लंडनला जायचंय. चार वर्षांची मुदत संपत आलीय. त्यांना ओळखपत्र कोण देणार? पाण्याच्या भांड्याला हात लावू न देणारा सहकारी लिहिणार होता का, की हा माणूस विद्वान आहे, याला जवळून ओळखतो?

पैसे असे जमले. पगारातून पोटाला चिमटा घेऊन वाचवलेले, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिलेले, आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत. १९२० च्या जुलैत ते बोटीवर चढले. आणि पत्र? पत्र आलं न्यूयॉर्कहून. कोलंबिया सोडून चार वर्षं झाली होती. एवढ्या अवधीत किती विद्यार्थी येऊन गेले असतील. पण सेलिग्मन विसरले नव्हते. लंडन स्कूलमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याची शिफारस करणारं पत्र लिहिलं. ते पत्र लंडन स्कूलच्या दप्तरात आहे. पुढची गंमत अशी की फॉक्सवेलनी १९२० च्या नोव्हेंबरात स्कूलच्या सेक्रेटरी बाईंना कळवलं, या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच केलेली दिसते, जिंकायला इथं आता त्यांच्यासाठी नवं जग शिल्लक नाही. (कोलंबियाची पदवी रीतसर हातात यायला १९२७ उजाडायचं होतं, पण प्रबंध झालेला होता.) दार लोटलं गेलं असं वाटावं, तरी ते आत गेलेच. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला ग्रेज इनचे बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी.

सेलिग्मनना त्यांची आठवण राहिली याचं एक कारण बाबासाहेबांनीही ती मरू दिली नव्हती. १९२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडनहून सेलिग्मनना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. जुना प्रबंध बोटीबरोबर बुडाला, आता नवा लिहिलाय, असं त्यात कळवलंय. नातं असं सांभाळायचं असतं. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक निघालं त्याला प्रस्तावना सेलिग्मनचीच.

आणि ग्रेज इनचं एक सांगायचं राहिलं. इंग्लंडात बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा देऊन भागत नाही. त्या काळी इनच्या दिवाणखान्यात ठरलेली जेवणं जेवावी लागायची, तेव्हा टर्म भरायची. मुंबईत ज्याला भांड्यातलं पाणी घेऊ देत नव्हते तो माणूस लंडनात चारचौघांच्या पंगतीला बसून, जेवून बॅरिस्टर झाला. पंगत आणि पदवी, दोन्हींचं कुलूप एकच आहे हे त्यांना आधीच ठाऊक असणार. परत आल्यावर हायकोर्टाच्या सनदेचे पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच धावून आला.

तर हिशोब मांडा. केळूसकर, सयाजीराव, शाहू महाराज, भथेना, सेलिग्मन. बाबासाहेबांच्या बुद्धीला या कुणी जन्म दिला नाही. ती त्यांची स्वतःची. पण बुद्धी आणि दरवाजा यांच्यामध्ये एक सही लागते, आणि ती सही करणारं माणूस आपल्या गावात, आपल्या कॉलेजात मिळालं नाही तर सात समुद्र ओलांडून आणावं लागतं, एवढं यातून दिसतं. ज्याला सेलिग्मन भेटला नाही असा दुसरा एखादा महाराचा, मांगाचा, चांभाराचा पोरगा त्या काळात कुठं हरवला, हे कोणत्याच चरित्रात सापडायचं नाही.

*

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. आमच्या पँथरनं १९७२ साली नावच तिकडून घेतलं. म्हणून आता तिकडं जाऊ. कारण आपल्याकडं जे कुजबुजत चालतं ते तिथं नियम करून, छापून, शिक्का मारून चाललं होतं.

जॉर्जिया राज्य. होरेस वॉर्ड नावाचा काळा तरुण, जन्म १९२७ चा. मोरहाऊस कॉलेजातून १९४९ ला पदवी, अटलांटा विद्यापीठातून १९५० ला एम.ए. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यानं जॉर्जिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलला अर्ज केला. तिथं तोवर एकही काळा विद्यार्थी घेतलेला नव्हता. राज्य म्हणालं, बाहेरच्या राज्यात जाऊन शीक, खर्चाला मदत करतो. त्यानं नकार दिला. मी इथला, इथंच शिकणार. १९५१ ला अर्ज फेटाळला.

मग काय केलं असेल त्यांनी? नियम बदलला. यापुढं अर्जदारानं संस्थेच्या दोन माजी विद्यार्थ्यांचे दाखले आणावेत, शिवाय न्यायखात्यातल्या एका अधिकाऱ्याचा. कागदावर जातीचा, रंगाचा शब्द नाही. सगळ्यांना सारखाच नियम. फक्त एवढंच की माजी विद्यार्थी झाडून सारे गोरे. ज्या विहिरीचं पाणी तुला कधी भरू दिलं नाही त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोघांच्या सह्या आण, मग तुला पोहरा सोडू देतो, असला हा प्रकार.

१९५२ ला वॉर्डनं दावा लावला. सुनावणीच्या तोंडावर १९५३ ला त्याला लष्करात भरतीचं बोलावणं आलं. परत आला, लढला. १९५६ च्या डिसेंबरात सुनावणी झाली आणि १९५७ ला दावा काढून टाकला गेला. तोवर तो शिकागोकडच्या नॉर्थवेस्टर्न लॉ स्कूलमध्ये दाखल झाला होता, तेही त्याच्यावरच उलटलं. पदवी मिळाल्यापासून लॉ स्कूलच्या वर्गात पाऊल टाकेपर्यंत सात वर्षं. वय वाढत होतं आणि ते तारखा देत होते. तारखेचं हत्यार किती धारदार असतं हे कोर्टात बसणाऱ्याला विचारा.

दाखल्यांचा हा नियम पुढं मोडला. अटलांटातल्या एका सरकारी कॉलेजाविरुद्ध तीन काळ्या स्त्रियांनी दावा केला होता. १९५९ च्या जानेवारीत न्यायाधीश बॉइड स्लोन यांनी निकाल दिला की माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांची अट काळ्यांना घटनेनं दिलेला समान हक्क हिरावते. जिंकलं का? थांबा. त्याच वर्षी जॉर्जियाच्या विधिमंडळानं कायदा केला. पदवीला एकवीस वर्षांच्या वरचा नको, पदव्युत्तर आणि व्यावसायिक शिक्षणाला पंचवीसच्या वरचा नको. आधी दारात बसवून म्हातारं करायचं, मग म्हणायचं तुझं वय झालं.

मिसिसिपीत तर पाच सह्या. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा ब्राऊन निकाल १९५४ च्या मे महिन्यातला. नोव्हेंबरात तिथल्या उच्च शिक्षण मंडळानं ठराव केला की अर्जदारानं पाच माजी विद्यार्थ्यांचे दाखले जोडावेत. १९६१ ला जेम्स मेरेडिथनं अर्ज केला. नऊ वर्षं हवाई दलात काढलेला माणूस. त्यानं सरळ लिहून टाकलं की मी काळा आहे, तुमचा एकही माजी विद्यार्थी माझ्या ओळखीचा नाही. त्याऐवजी त्यानं आपल्या भागातल्या पाच काळ्या नागरिकांचे चारित्र्याचे दाखले जोडले. मला हे फार मोठं वाटतं. गोऱ्याच्या सहीसाठी तो दारोदार फिरला नाही. माझ्या चारित्र्याची साक्ष माझी माणसं देतील, म्हणाला. १९६२ च्या जानेवारीत वरिष्ठ कोर्टानं सह्यांची अट घटनाबाह्य ठरवली, आणि १ ऑक्टोबर १९६२ ला, दंगलीत दोन माणसं मेल्यानंतर, सरकारी बंदूकधाऱ्यांच्या पहाऱ्यात मेरेडिथ वर्गात बसला. पुढं १९६८ साली त्यानं कायद्याची पदवी घेतली. कुठं? कोलंबियात.

दाखल्याचं खरं वजन कागदात नसतं, घेणाऱ्याच्या मनात असतं, याचाही पुरावा आहे. पॉली मरे ही काळी स्त्री १९४४ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधून वर्गात पहिली आली. पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला अर्ज केला. स्त्री म्हणून नाकारलं. तिच्यासाठी खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्डला पत्र लिहिलं, आणि ते स्वतः हार्वर्डचे माजी विद्यार्थी. तरी दार उघडलं नाही. ज्याला घ्यायचं नाही त्याला सही कुणाची चालते?

आणि होरेस वॉर्ड? १९५९ ला कायद्याची पदवी घेतली, मग जॉर्जियात परत आला. १९६१ च्या जानेवारीत कोर्टाच्या हुकमानं दोन काळे विद्यार्थी जॉर्जिया विद्यापीठात शिरले, त्यांच्या वकिलांत एक नाव होतं होरेस वॉर्ड. ज्या दारानं त्याला आत घेतलं नाही ते त्यानं दुसऱ्यांसाठी उघडलं. १९७९ साली तो जॉर्जियातला पहिला काळा फेडरल न्यायाधीश झाला. २०१४ साली त्याच विद्यापीठानं त्याला मानाची डॉक्टरेट दिली. तेव्हा तो सत्त्याऐंशीच्या घरात होता. २०१६ ला गेला.

*

आता माझं उरलेलं.

पहिल्यांदा गेलो ते माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका सरांकडं. घटनेचा पेपर शिकवायचे. मला त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. सर निवृत्तीला आलेले. दारातच उभं केलं. पूर्ण नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. एवढं कळल्यावर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

घरी येऊन लिहायला बसलो. रात्रभर बसलो. अशिलासाठी पन्नास पानी कैफियत लिहिणारा मी, स्वतःबद्दल चार ओळी लिहिता येईनात. 'हा विद्यार्थी हुशार आहे' असं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली दुसऱ्याचं नाव टाकायचं. साहेबाच्या बटलरनंही हे केलं नसेल. शेवटी मार्क लिहिले, केसेस लिहिल्या, आणि रिवाज म्हणून एक वाक्य टाकलं, 'मी यांना चांगलं ओळखतो.' सरांनी वाचलं. पेन काढलं आणि तेवढीच ओळ खोडली. म्हणाले, "हे खरं नाही." बाकीच्यावर सही केली.

मला राग आला, आणि थोड्या वेळानं वाटलं, बोलले ते खरंच बोलले. तीन वर्षं त्यांच्या वर्गात बसून त्यांनी मला ओळखलं नाही ही गोष्ट त्यांनी माझ्याच कागदावर लिहून दिली. कोर्टाच्या भाषेत याला कबुलीजबाब म्हणतात.

दुसरं पत्र खरं मिळालं. पुराव्याचा कायदा शिकवायला एक मुसलमान वकील यायचे, तासिका तत्त्वावर, तासाचे पैसे घेऊन. कायमची नोकरी नाही, स्टाफरूममध्ये कपाट नाही. दहा वर्षांनी त्यांच्या ऑफिसात गेलो, ओळख सांगायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "अरे, मृत्यूपूर्व जबाबावर माझ्याशी तासभर भांडलेला पोरगा ना तू? त्या दिवशी तुझी एस.टी. चुकली होती. बस." चहा सांगितला. १८७२ च्या कायद्यातल्या कलम ३२ वर मी त्या दिवशी काय काय बोललो होतो ते मलाच त्यांनी सांगितलं. दोन पानी पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. पण त्यांच्याकडं कॉलेजचं लेटरहेड नाही, कॉलेजचा ईमेल नाही. संगणकावरचा तो फॉर्म त्यांचा जीमेल घेईना. विद्यापीठाशी लिहालिही करून, हे खरंच शिक्षक आहेत हे पटवून देण्यात दोन महिने गेले. त्या वर्षीची मुदत हुकली.

पुढच्या वर्षी तीच दोन पत्रं गेली. प्रवेश मिळाला. खोडलेल्या ओळीसकट मिळाला म्हणा. मग सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म काढला. वयाची अट पस्तीस. मला चार महिने जास्त झाले होते. जॉर्जियाचा कायदा मी त्यानंतर वाचला. वाचताना हसू आलं. तो कायदा रंग बघून केलेला होता, ही अट तशी नाही हे मला कळतं. पण एस.टी.नं आलेल्या माणसाला दोन्हीकडं उशीरच होतो.

गेलो नाही. कोर्टातच आहे. माझ्याजवळ एक शंभर पानी वही आहे. माझ्याकडं ज्युनियर म्हणून येणारी, वस्तीवरच्या अभ्यासिकेत येणारी, कोर्टात नुसतं बघायला येणारी कायद्याची पोरंपोरी, प्रत्येकाचं नाव त्यात आहे. त्यानं काय विचारलं, तिनं कोणता मुद्दा काढला, कुणी कोणता निकाल शोधून आणला, तारखेसकट. दहा वर्षांनी कुणी दार वाजवलं तर मला आठवत नाही असं म्हणायची पाळी येऊ नये म्हणून. आतापर्यंत अकरा पत्रं लिहिलीत. लेटरहेड माझं स्वतःचं आहे. विद्यापीठांना विचारून घेतो, वकिलाचं चालेल का. पुष्कळदा चालतं. शिक्षण सोडून बरीच वर्षं झालेल्याला कामावरच्या माणसाचं पत्र चालवून घेतात, हे मला माझ्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथं सांगून ठेवतो.

दोस्तहो, आपल्यात आता प्राध्यापक आहेत, न्यायाधीश आहेत, अधिकारी आहेत. कॉलन्यांत बंगले झालेत, दारावर नावाच्या पाट्या लागल्यात. बाबासाहेबांच्या काळी सही न्यूयॉर्कहून आणावी लागली. आज ती आपल्या हातात आहे. मग आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर कोण बसतं, त्याचं नाव काय, त्याची एस.टी. किती वाजता सुटते, हे आपल्याला ठाऊक आहे का? 'तूच लिहून आण' असं आपणही म्हणायला लागलो नाही ना? आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. भांडा वर्गात. प्रश्न विचारा. एखादी एस.टी. चुकू द्या. वर्ष-दोन वर्षांनी चार ओळींचं पत्र टाका मास्तरला, मी अमुक ठिकाणी आहे म्हणून. बाबासाहेबांनी टाकलं होतं.

आजाची घुंगराची काठी अजून घरात आहे, माळ्यावर. घुंगरं गंजलीत. बारावं पत्र कालच लिहून झालं, एका मांगाच्या पोरीचं आहे. पत्रात पहिलंच वाक्य टाकलंय : मी हिला चांगलं ओळखतो. वही उघडून तारखा ताडून पाहिल्या. खरं आहे.